कवटीची लय आणि पाच ग्रॅमचा स्पर्श

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावातील शिक्षिकेचे पत्र आम्हाला आले. त्यांच्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा आहे. तोंडी हिशेबात तयार, बोलण्यात चुणचुणीत; पण वाचायला उभा केला की ओळ सुटते, जोडाक्षरे अडतात आणि डोळ्यांत पाणी येते. दर शनिवारी त्याचे वडील त्याला एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी एका विशेष शिक्षिकेकडे नेत असत. मध्यंतरी कोणीतरी त्यांना शहरातील एका उपचारकेंद्राचे पत्रक दिले. डोकेदुखी, मानदुखी, निद्रानाश, तान्ह्या बाळांचे रडणे, स्वमग्नता आणि 'अभ्यासातील अडचणी' या सर्वांवर गुणकारी अशी 'क्रॅनिओसॅक्रल थेरपी' तेथे मिळते, असे पत्रकात म्हटले होते. दहा बैठकींचे पैसे आगाऊ भरायचे होते. ते उभे करण्यासाठी शनिवारची शिकवणी बंद करण्याचा वडिलांचा विचार होता.

बाईंनी विचारले होते, "या उपचारातून काय अपेक्षा ठेवावी? आणि नको म्हणायचे तर कशाच्या आधारावर म्हणावे? मी काही डॉक्टर नाही."

आम्हीही डॉक्टर नाही. मात्र एखादा दावा कसा तपासावा, हे विज्ञान शिकवणाऱ्या व करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. म्हणून त्या पत्राचे उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

बैठकीत काय होते?

क्रॅनिअम म्हणजे कवटी आणि सॅक्रम म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेले त्रिकोणी हाड, त्रिकास्थी. या दोन टोकांमधील यंत्रणेवर उपचार करतो, म्हणून हे नाव पडले. रुग्णाला अंगावरच्या कपड्यांनिशी शांत खोलीत पाठीवर झोपवतात. उपचारक त्याच्या डोक्याखाली, कमरेखाली किंवा पावलांना अगदी हलका हात लावून बसतो. हा स्पर्श पाच ग्रॅम वजनाइतका असावा असा दंडक आहे. अमेरिकेतील 'निकेल' या नाण्याचे वजन नेमके पाच ग्रॅम असते, त्यावरून ही उपमा रूढ झाली. आपल्याकडील १९९२ नंतरचे पोलादी रुपयाचे नाणे ४.८५ ग्रॅमचे होते. ते तळहातावर ठेवले की अंदाज येईल. बैठक पाऊण ते एक तास चालते. ती दुखत नाही, उलट अनेकांना गाढ विश्रांती मिळाल्यासारखे वाटते. काहींना झोपही लागते.

इथवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. आक्षेप आहे तो या स्पर्शामागील सिद्धांताला आणि त्यातून दिल्या जाणाऱ्या आश्वासनांना.

कल्पनेचा जन्म

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिसुरी राज्यात कर्क्सव्हिल येथे अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ऑस्टिओपथीचे विद्यालय काढले. हाडे व स्नायू हाताने हाताळून रोग बरे करण्याचा हा पंथ होता. तेथील एक विद्यार्थी विल्यम गार्नर सदरलँड याने १८९९ च्या सुमारास हाडे सुटी करून मांडलेली एक कवटी पाहिली. कानशिलाजवळच्या हाडांच्या तिरप्या कडा पाहून त्याला माशाच्या कल्ल्यांची आठवण झाली. कल्ले असतील तर श्वसनासारखी हालचालही असणार, असा विचार त्याच्या मनात आला. पुढे त्याने स्वतःच्या डोक्याला पट्टे आवळून प्रयोग केले आणि १९३९ साली 'द क्रेनिअल बोल' हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले.

१९७० च्या दशकात जॉन अपलेजर या ऑस्टिओपथी डॉक्टरने ही कल्पना पुढे नेली. मानेच्या एका शस्त्रक्रियेत साहाय्य करताना मेंदू व मज्जारज्जूचे बाहेरचे आवरण एका संथ तालात हलताना आपण पाहिले, असे तो सांगत असे. १९८३ साली त्याचे पाठ्यपुस्तक आले आणि १९८५ साली त्याने फ्लोरिडात स्वतःची संस्था काढली. तोवर डॉक्टरांपुरती असलेली ही पद्धत मसाज करणाऱ्यांना व इतरांनाही अल्पमुदतीच्या वर्गांतून शिकवली जाऊ लागली आणि जगभर पसरली. आज पुण्यामुंबईतही तिची केंद्रे आहेत.

सिद्धांत थोडक्यात असा : मेंदू व मज्जारज्जूभोवती मस्तिष्क-मेरुद्रव असतो. त्याच्या भरती-ओहोटीमुळे कवटीची हाडे व त्रिकास्थी मिनिटाला सहा ते बारा वेळा, नाडी व श्वास यांपासून स्वतंत्र अशा तालात, किंचित हलतात. हा ताल बिघडला की आजार होतात. निष्णात बोटांना तो बिघाड कळतो आणि हलक्या स्पर्शाने तो दुरुस्त करता येतो.

या एका परिच्छेदात चार वेगवेगळे दावे आहेत. एकत्र वाचले की ते एकसंध वाटतात. म्हणून ते सुटे करून एकेक तपासू या.

पहिला दावा : कवटीची हाडे हलतात

मेंदूभोवतीची कवटी आठ हाडांची असते, चेहऱ्याची हाडे आणखी चौदा. तान्ह्या बाळात ही हाडे सुटी असतात. मधल्या मऊ जागेला आपण टाळू म्हणतो. पुढची टाळू साधारणपणे दीड वर्षापर्यंत भरून येते. हाडांमधले दातेरी, शिवणीसारखे सांधे मात्र त्यानंतरही अनेक वर्षे टिकतात आणि काही तर प्रौढ वयातही पूर्ण सांधत नाहीत. त्यामुळे 'प्रौढ कवटी म्हणजे अखंड दगड' असे म्हणणे अचूक नाही. या सांध्यांत अत्यल्प लवचीकता असते, हे मान्य केले पाहिजे.

पण सदरलँडच्या सिद्धांताचा कणा असलेला सांधा वेगळा आहे. कवटीच्या तळाशी पुढचे फुलपाखरासारखे हाड (जतुकास्थी) आणि मागचे हाड (पश्चकपालास्थी) जेथे मिळतात, तो हा सांधा. साऱ्या हालचालीची बिजागरी येथे आहे असे सांगितले जाते. लहानपणी तेथे कूर्चा असते, परंतु वयात येताना तिचे हाड बनते आणि विशीच्या आत ही दोन हाडे एकजीव होतात. म्हणजे मोठ्या माणसात ज्या बिजागरीवर उपचार होतो, ती बिजागरी उरलेलीच नसते.

शिवाय जोराचाही हिशेब करून पाहावा. प्रौढ माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो भरते. उशीवर डोके टेकले की तेवढ्या भाराने उशी कवटीला खालून रेटत असते. पाच ग्रॅमचा स्पर्श म्हणजे त्याचा हजारावा हिस्सा आणि तोही केस, त्वचा व स्नायू यांच्या थरांवरून. पाच ग्रॅमने कवटीची मांडणी बदलत असती, तर रोज रात्री कुशीवर वळताना आपले काय झाले असते?

हा झाला तर्क. प्रयोगही झाला आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेशुद्ध केलेल्या सशांच्या कवटीच्या सांध्यावर ५ ते २० ग्रॅमचा ताण देऊन हालचाल व कवटीतील दाब मोजला. दोन्हींत दखल घेण्याजोगा बदल झाला नाही. सांधा सरकायला याच्या कितीतरी पट जोर लागला.

दुसरा दावा : द्रवाला स्वतंत्र लय आहे

मस्तिष्क-मेरुद्रव खरा आहे. प्रौढात तो सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाकाठी ५०० मिलिलिटरच्या आसपास तयार होतो. म्हणजे दिवसातून तीनेक वेळा तो बदलला जातो. तो हलतो हेही खरे. एम.आर.आय. तंत्राने त्याची हालचाल प्रत्यक्ष पाहता येते आणि ती मुख्यतः हृदयाच्या ठोक्याबरोबर व श्वासाबरोबर होते.

याखेरीज शरीरात संथ आंदोलनेही आहेत. रक्तदाबात दर दहा सेकंदांनी, म्हणजे मिनिटाला सहाच्या आसपास, येणाऱ्या लहरी एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत. २०१९ साली बॉस्टनमधील संशोधकांनी गाढ झोपेत या द्रवाच्या सुमारे वीस सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या मोठ्या लाटा दाखवल्या. क्रॅनिओसॅक्रलचे समर्थक या निष्कर्षांकडे बोट दाखवतात. येथे सावध राहायला हवे. शरीरात एखादी संथ लहर असणे वेगळे, ती केसांवरून बोटांना कळणे वेगळे आणि बोटांनी ती सुधारून वाचनातील अडचण दूर होणे तर फारच वेगळे. पहिल्या गोष्टीचा पुरावा हा दुसरीचा वा तिसरीचा पुरावा नव्हे.

तिसरा दावा : बोटांना ती कळते

सर्वांत निर्णायक कसोटी येथे आहे आणि ती अत्यंत साधी आहे. लय खरोखर असेल आणि जाणकारांना ती कळत असेल, तर एकाच माणसाला तपासणाऱ्या दोन जाणकारांचे आकडे जुळले पाहिजेत.

१९९४ साली अमेरिकेत या उपचारात वाकबगार असलेल्या तीन भौतिकोपचारतज्ज्ञांनी बारा व्यक्तींची लय स्वतंत्रपणे मोजली. त्या व्यक्तींत अध्ययनात अडचण असलेलेही होते. परीक्षकांमधील एकमत मोजणारा एक गुणांक असतो. पूर्ण एकमत असेल तर तो १ येतो आणि एकमत मुळीच नसेल तर शून्याच्या आसपास. येथे तो उणे ०.०२ आला. म्हणजे तिघांनी डोळे मिटून आकडे लिहिले असते तरी याहून वाईट जुळले नसते.

१९९८ साली आणखी एक नेटका प्रयोग प्रसिद्ध झाला. एक परीक्षक डोक्याशी, दुसरा पावलांशी बसला आणि दोघांनी एकाच वेळी एकाच व्यक्तीची लय मोजली. अशा २८ व्यक्ती तपासल्या. सिद्धांतानुसार लय सगळ्या शरीरात एकच असते. प्रत्यक्षात डोक्याकडचे व पायांकडचे आकडे जुळले नाहीत. इतकेच नव्हे, तर एकाच परीक्षकाच्या दोन वेळच्या मोजण्यांतही फारसा मेळ नव्हता.

मग हे उपचारक खोटे बोलतात काय? आम्हाला तसे वाटत नाही. त्यांना काहीतरी नक्कीच जाणवते. आपल्याकडे पाणाडी तळहातावर नारळ घेऊन शेतातून चालतो आणि पाण्याच्या जागी नारळ उभा राहतो. पाणाडी बहुधा फसवत नसतो; त्याच्या अपेक्षेमुळे त्याच्याच हाताचे स्नायू नकळत हलतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३३ साली दोरीला टांगलेल्या लंबकाबाबत हेच दाखवले होते : डोळे बांधले की लंबकाची 'जादू' थांबते. स्तब्ध हात, दीर्घ एकाग्रता आणि काहीतरी जाणवणारच ही खात्री, एवढ्यावर बोटांना लाटा भासू शकतात. प्रामाणिक माणसालाही कसोटीची गरज असते, ती याचसाठी.

चौथा दावा : रुग्णाला गुण येतो

कोणी म्हणेल, सिद्धांत चुकीचा असला म्हणून काय झाले? गुण येत असेल तर पुरे. हा युक्तिवाद रास्त आहे. उपचार कसा चालतो ते न कळताही तो चालू शकतो.

म्हणून चाचण्यांकडे वळू या. २०१२ साली एडझार्ड एर्न्स्ट यांनी तोवरच्या सहा नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांतील बहुतेकांची आखणी सदोष होती आणि विशिष्ट परिणामाचा भक्कम पुरावा त्यांना आढळला नाही. २०२० साली जर्मनीतील संशोधकांनी दीर्घकालीन वेदनांवरील दहा चाचण्यांचे, एकूण ६८१ रुग्णांचे, एकत्रित विश्लेषण केले. त्यात मात्र वेदना कमी झाल्याचे दिसले. आमच्या मताच्या विरुद्ध असला तरी हा निष्कर्ष येथे नोंदवणे आमचे कर्तव्य आहे. त्यानंतर २०२४ साली दोन स्वतंत्र गटांची अधिक व्यापक विश्लेषणे प्रसिद्ध झाली. दोन्हींचा निष्कर्ष असा की कोणत्याही विकारात या उपचाराचा ठोस लाभ दिसत नाही.

अशी तफावत का पडते? चाचण्या लहान असतात, हे एक कारण. कोणत्या चाचण्या हिशेबात घ्यायच्या, याचे निकषही गटागटांत वेगळे असतात. तिसरे कारण असे की गोळीच्या चाचणीत खरी व खोटी गोळी देणाऱ्यालाही ओळखू येणार नाही अशी व्यवस्था करता येते. येथे खरा उपचार कोणता व नुसता हात ठेवणे कोणते, हे उपचारकाला ठाऊकच असते. त्याचा उत्साह रुग्णापर्यंत पोचतो आणि 'किती दुखते?' या प्रश्नाचे उत्तर बदलते. जाणवणाऱ्या वेदनेबाबत निष्कर्ष दोलायमान राहतात ते यामुळे. वाचनातील अडचणी या उपचाराने दूर होतात, असे दाखवणारा विश्वसनीय पुरावा नाही.

मग पालकांना फरक का जाणवतो?

शिक्षकांना ओळखीचे असलेले एक उदाहरण घेऊ. पहिल्या घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळवणारी दहा मुले निवडा आणि त्यांना काहीही वेगळे न शिकवता दुसरी चाचणी घ्या. बहुतेक वेळा या दहा जणांची सरासरी वाढलेली दिसेल. कारण तळाला गेलेल्यांत काही जण त्या दिवशी आजारी होते, काहींना नेमके न येणारे प्रश्न आले होते. पुढच्या वेळी ते आपल्या नेहमीच्या पातळीवर परततात. माणूस उपचार शोधायला निघतो तोही त्रास सर्वाधिक असतानाच. त्यानंतर जे काही करावे त्याचे श्रेय त्या उपचाराला मिळते.

तान्ह्या बाळांचे सततचे रडणे हे दुसरे उदाहरण. ते साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचते आणि तीन-चार महिन्यांत बहुधा आपोआप ओसरते. दुसऱ्या महिन्यात सुरू केलेला कोणताही उपचार चौथ्या महिन्यापर्यंत 'यशस्वी' होणारच! तुलनेसाठी उपचार न केलेला गट का लागतो, हे समजावून द्यायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

धोका कितपत?

पाच ग्रॅमच्या स्पर्शाने निरोगी माणसाला इजा होण्याची शक्यता फार थोडी. पण 'धोका नाही' असेही म्हणता येत नाही. मेंदूला मार बसलेल्या ५५ रुग्णांना हा उपचार दिला असता तिघांची स्थिती बिघडल्याचे १९९५ साली खुद्द ऑस्टिओपथीच्या नियतकालिकात नोंदवले गेले. नेदरलँड्समध्ये क्रॅनिओसॅक्रल उपचारक म्हणवणाऱ्याने मान व पाठ जोराने वाकवल्यानंतर तीन महिन्यांचे बाळ दगावल्याची नोंद २००९ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. ती कृती या उपचाराच्या स्वतःच्या दंडकातही बसत नाही; परंतु पाटी तीच होती.

याहून मोठा धोका वेळ वाया जाण्याचा. सुमारे दोन ते अडीच हजार जन्मांत एका बाळाच्या कवटीचा सांधा खरोखरच अकाली जुळतो आणि डोक्याचा आकार बदलतो. त्याला शल्यविशारदाची गरज असते आणि तीही वेळेवर. आपल्याकडे बाळाचे डोके मळून 'आकार देण्याची' प्रथा आहे. ती मालिश असो की नवे परदेशी नाव असलेला उपचार, वेडावाकडा आकार दिसला की आधी बालरोगतज्ज्ञाला दाखवावे.

वर्गात करून पाहा

या साऱ्या विषयातील मूळ कसोटी आठवीनववीच्या वर्गात एका तासात करता येते. ज्यांची तयारी असेल अशाच मुलांना घ्यावे. एका मुलाला मध्ये बसवा. दोघांनी त्याच्या दोन मनगटांवरची नाडी एकाच वेळी अर्धा मिनिट मोजावी आणि एकमेकांना न सांगता चिठ्ठीवर लिहावी. असे आठदहा मुलांबाबत करा. आता आलेखकागदावर आडव्या अक्षावर पहिल्याचा व उभ्या अक्षावर दुसऱ्याचा आकडा घेऊन बिंदू मांडा. बिंदू तिरक्या रेषेजवळ गोळा होतील.

मग त्याच दोघांना एकाने डोक्यावर आणि दुसऱ्याने खांद्यावर हलका हात ठेवून, मिनिटाला सहा ते बारा वेळा येणारी 'संथ लहर' मोजायला सांगा. आकडे त्यांना मिळतील, कदाचित मोठ्या खात्रीने मिळतील. ते आलेखावर मांडा आणि बिंदू रेषेशी येतात की विखुरतात हे मुलांनाच ठरवू द्या.

शाळकरी मुलांच्या प्रयोगांना कमी लेखू नये. अमेरिकेतील एमिली रोझा या मुलीने नवव्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी अशीच एक चाचणी आखली होती. स्पर्श न करता माणसाची 'ऊर्जा' हाताला जाणवते असे म्हणणाऱ्या २१ उपचारकांना तिने पुठ्ठ्याच्या पडद्यातून हात पुढे करायला लावले. नाणे उडवून ती त्यांच्या एका हातावर आपला हात धरी आणि कोणत्या, ते ओळखायला सांगे. २८० पैकी १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. नुसत्या अंदाजानेही निम्मी यायला हवी होती. १९९८ साली हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला गेला. त्यासाठी लागले ते एक पुठ्ठा, एक नाणे आणि एक नेमका प्रश्न.

बाईंना दिलेले उत्तर

आम्ही बाईंना लिहिले ते असे. या उपचारातून तासभर शांतता, मायेचा हात आणि आपल्या त्रासाकडे कोणीतरी लक्ष देते आहे हे समाधान, एवढ्याची अपेक्षा ठेवावी. ज्या मोठ्या माणसाला ते हवे आहे आणि परवडते आहे, त्याने खुशाल घ्यावे. वाचन सुधारण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये.

वडिलांना 'तुम्ही फसलात' असे म्हणू नये. मुलासाठी ते एस.टी.चे धक्के खात शनिवारमागून शनिवार घालवत होते. सुधारणा मुंगीच्या पावलाने होत होती आणि पत्रकाने दहा आठवड्यांत सुटका देऊ केली. त्यांची चूक आशेची आहे. त्यांना दोनच प्रश्न विचारायला सांगावेत : हा उपचार करणाऱ्या दोघांनी माझ्या मुलाला वेगवेगळे तपासले तर त्यांचे निदान जुळेल काय? आणि दहा बैठकींनंतर फरक पडला की नाही, हे कोण, कशाने मोजणार?

मुलाची दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे. अक्षर व ध्वनी यांची सांगड घालणारा पद्धतशीर, नियमित सराव हा धीमा पण तपासलेला मार्ग आहे. तो सोडू नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, तेव्हा योग्य तपासणीअंती प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेतील सवलतीही मिळू शकतात.

दिवाळीनंतर बाईंचे दुसरे पत्र आले. वडिलांनी ते दोन प्रश्न केंद्रात विचारले होते. पहिल्याला उत्तर मिळाले नाही; दुसऱ्याला 'तुम्हाला आतून जाणवेल' असे मिळाले. शनिवारची एस.टी. चालू आहे. मुलगा अजून अडखळतो. पण आता तो ओळीवर बोट ठेवून वाचतो आणि अडलेला शब्द दुसऱ्यांदा स्वतःहून वाचून पाहतो, असे बाईंनी लिहिले आहे. त्यांनी दर महिन्याला त्याच्याकडून तेवढ्याच लांबीचा नवा उतारा वाचून घेऊन चुका वहीत मोजून ठेवायला सुरुवात केली आहे.